वाघमारेबाईंची सही

आमच्या गाळ्यात एकच एसी होता आणि तो शेठच्या केबिनमध्ये नव्हता. तो तपासणीच्या खोलीत होता, आणि ती खोली वाघमारेबाईंची होती. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत मे महिन्यात पत्र्याखाली काम करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. त्या दिवसांत आम्हा सगळ्यांना तपासणीच्या खोलीत फार तातडीची कामं निघत. मी टाइप केलेला कागद घेऊन जाई, गुरवमामा लेथवरून नुकताच उतरवलेला तुकडा दाखवायला जात, आणि आमचे रमणिकभाई शेठ नुसतं "बेन, सब ठीक?" एवढंच विचारायला जात. बाई मान वर न करता म्हणत, "अंगातली उष्णता बाहेर ठेवून या." ती ठेवणं कुणालाच जमत नसल्यामुळे सगळे उंबऱ्यावरूनच परत फिरत.

बाई हे थट्टेने म्हणत नसत. त्या मोजत होत्या ती मापं मायक्रॉनमधली. आपल्या डोक्याचा एक केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि बाई एका मायक्रॉनवरून माल परत पाठवत. हाताच्या उबेने लोखंड फुगतं, शेजारी माणूस उभा राहिला तरी मापाचा काटा हलतो, म्हणून ही सगळी सोवळ्याची तयारी. सोवळं हा शब्द मी एकदा त्यांच्यासमोर वापरला होता. "ते तुमच्यात," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे चार दिवस मी कागद शिपायाबरोबर पाठवले.

मी त्या गाळ्यात पत्रव्यवहार, टायपिंग आणि डिस्पॅच बघायचो. म्हणजे लोखंडाशी माझा संबंध फक्त स्टेपलरपुरता. बाई मोजत, आकडे सांगत, मी तपासणीचा अहवाल टाइप करी आणि त्या खाली सही करत. त्यांची सही बघण्यासारखी होती. मराठीत, पूर्ण नाव: सुमन वाघमारे. अक्षरं सुटी सुटी काढून झाली की त्या पेन उचलत, एक क्षण थांबत, आणि मग वरची रेघ एका दमात ओढत. रेघ वाकडी गेली तर कागद फाडून मला नवा टाइप करायला लावत. मी म्हणायचो, "बाई, रेघेला कुणी मायक्रॉन लावत नाही." त्या म्हणायच्या, "खाली माझं नाव आहे, सावंत. तुमचं नाही."

बाई परभणीकडच्या. आयटीआय झालेल्या, त्या काळात वर्गात एकटी मुलगी. लग्न होऊन इथे भाईंदरच्या गोडदेवला आल्या, तिथेच संसार केला, दोन्ही मुलं शिकवून मार्गी लावली. एवढं सोडून त्यांच्या घरचं मला फारसं माहीत नाही, कारण त्या घरचं बोलत नसत. त्या बोलत ते अवकाशाबद्दल.

त्यांच्या शाळकरी वयात आपल्या देशाचा एक माणूस पहिल्यांदा अवकाशात जाऊन आला होता. गुरुजींनी वर्गात ते सांगितलं तेव्हा सुमनने हात वर करून विचारलं, "तिकडं त्यानं भाकरी खाल्ली का?" वर्ग हसला, गुरुजीही हसले. बाईंना मात्र तो प्रश्न शेवटपर्यंत बरोबरच वाटत होता. माणूस कुठे जाऊन राहील की नाही हे कळायला तो तिथे काय खातो हेच आधी विचारलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून त्यांनी पेपरातली कात्रणं चिकटवली होती. यान, चंद्र, मंगळ, पांढऱ्या पोशाखातली तरंगणारी माणसं. कपाट उघडलं की मापाच्या ठोकळ्यांबरोबर ती सगळी मंडळीही दिसत.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा एक सिद्धांत असायचा. "मीरा-भाईंदरमध्ये मूळचं कोण आहे सांगा," असं त्या सुरू करत. "मुर्ध्याचे, राईचे, उत्तन-तारोडीचे सोडा. बाकी? शेठ कच्छचे, मामा राजापूरचे, सावंत गिरगावातून जागा परवडेना म्हणून आलेले. मी परभणीची. आपण आलो तेव्हा इथं काय होतं? मिठागरं आणि डास. लोक म्हणायचे, तिथं माणूस राहतो का? आता बघा, पाय ठेवायला जागा नाही. मंगळाचंही तसंच. आधी दोन वेडे जातील, मग त्यांचे मेव्हणे जातील, मग सोसायटी होईल."

"आणि पाणी एक दिवसाआड," गुरवमामा म्हणत.

"येईना का. येईल ना पण."

गुरवमामांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. हात असा की ड्रॉइंगवर नजर टाकून तुकडा काढावा. बाई नव्याने आल्या तेव्हा त्यांनी मामांची अख्खी खेप नापास केली. मामांनी बाईंशी आठ महिने अबोला धरला. एकाच पत्र्याखाली, दहा पावलांवर बसून ही दोन माणसं माझ्यामार्फत बोलत. "बाईंना सांगा, हा घ्या." "मामांना सांगा, हा नको." शेवटी बाईंनीच शोधून काढलं की दोष मामांच्या हातात नसून लेथच्या झिजलेल्या भागात आहे. ते त्यांनी शेठसमोर, सगळ्यांच्या देखत सांगितलं. "मामांचा हात बरोबर आहे. यंत्र खोटं बोलतंय." त्या दिवसापासून मामा बाईंच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. जत्रेहून आले की पहिला खाजा बाईंना.

आमचा नेहमीचा माल म्हणजे पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या रिंगा. पण वर्षाकाठी एखादं वेगळं काम येई. आम्ही ते पुढच्या कंपनीला द्यायचो, ती आणखी पुढच्या कंपनीला, आणि अशा चार पायऱ्या चढून तो तुकडा यानात जायचा. त्यातही एकदा असं ड्रॉइंग आलं, ज्याच्या कोपऱ्यात हे माणूस नेणाऱ्या यानासाठी आहे अशी नोंद होती. हवेच्या नळीतली एक पातळ रिंग, चाळीस नग. बाईंनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला. मग स्वतः वाचला. मग गाळ्यात फिरून प्रत्येकाला दाखवला, अगदी शेजारच्या गाळ्यात स्टीलचे डबे ठोकणाऱ्या यादवलासुद्धा. "आदमी जाएगा इसमें," त्या त्याला सांगत होत्या. "उसकी साँस यहाँ से जाएगी." यादव काही न कळता खूश झाला. संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना समोसे दिले. एरवी त्या चहासुद्धा स्वतःचाच स्वतः पिणाऱ्या.

आता त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं धुऊन पुसून पूजा होई. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. बाई दसऱ्याला नागपूरला जात, दीक्षाभूमीवर. त्यांच्या खोलीला त्या काळात कुलूप असे आणि तिथली पूजा कुणी करत नसे. बाईंच्यात हे नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात दुजाभाव नव्हता, उलट मान होता. पण त्या वर्षी मामांच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी शेठकडून किल्ली मागून घेतली. "बाईंच्या हत्यारांनी काय पाप केलंय? वर्षभर ती पण राबतात," असं म्हणून ते आत गेले. त्यांनी मोजमापाच्या स्टँडला, काळ्या दगडी पाटाला आणि मापाच्या ठोकळ्याला एकेक बोट हळदकुंकू लावलं. डायलवर एक झेंडूचं फूल ठेवलं. आणि कधी नव्हे ते चपला बाहेर काढून गेले होते.

तो मापाचा ठोकळा म्हणजे आमच्या भाषेत मास्टर. त्याची जाडी ठरलेली. तो दगडावर ठेवून वरच्या काट्याचं शून्य जुळवायचं, मग तो काढून एकेक रिंग त्याच काट्याखाली सरकवायची. मास्टर बरोबर तर सगळं बरोबर. "आधी शून्य बघा," हे बाईंचं पालुपद होतं. लग्न ठरवायला निघालेल्या माणसालासुद्धा त्या हेच सांगत.

बाई नागपूरहून परतल्या, गाडी रखडल्यामुळे थेट कामावरच आल्या. मी मामांनी काढलेल्या त्या चाळीस रिंगांचा कागद घेऊन त्यांच्या मागेच होतो. त्यांनी दार उघडलं आणि त्या उभ्याच राहिल्या.

"कुणी केलं?"

"मामांनी," मी म्हणालो. मला वाटलं आता महाभारत होणार.

 बाईंनी डायलवरचं फूल उचललं आणि खिडकीतल्या बुद्धाच्या लहानशा मूर्तीसमोर ठेवलं. मग स्पिरिटचं फडकं घेऊन पुसायला लागल्या. एरवी त्या मास्टर दोन्ही अंगांनी तीन-तीनदा पुसत, उजेडात धरून बघत. त्या दिवशी त्यांनी वरचं कुंकू एकदा हलक्या हाताने टिपलं आणि ठोकळा दगडावर ठेवला. मी ते पाहिलं. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

चाळीसच्या चाळीस रिंगा पास झाल्या. बाईंनी सही केली, रेघ सरळ आली. मी माल त्याच संध्याकाळी पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात फडकं होतं. त्यावर पिवळा डाग होता, आणि डागात अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या. मामांनी ठोकळ्याला वरून टिळा लावताना तो खालून अंगठ्यावर धरला होता, आणि अंगठ्याला हळद होती. ती खालच्या अंगाला वाळून बसली होती. त्या सकाळी तेल लावून डबीत ठेवायला ठोकळा उचलल्यावर बाईंना ती दिसली. अंगठ्याच्या त्या ठशावर मास्टर सहा मायक्रॉन वर उचलला गेला होता, आणि त्याच शून्यावर त्यांनी चाळीस रिंगा मोजल्या होत्या.

"माल गेला?"

"काल संध्याकाळीच."

"परत मागवा," त्या म्हणाल्या आणि शेठच्या केबिनमध्ये गेल्या. मीही मागून गेलो. मामा लेथ बंद करून दारात येऊन उभे राहिले.

"शून्य बघण्यात माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. हळदीचं, अंगठ्याचं नावही काढलं नाही.

शेठ समजावायला लागले. "बेन, सहा मायक्रॉन म्हणजे काय? कोणाला दिसते? आणि वर चेक होते ना. आपल्यावर चार जण बसलेत."

"ते बघतीलच. पण माझ्या सहीनं चुकीचा माल गेलाय. सावंत, फोन लावा."

मी पुढच्या कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून टेबलावर ठेवला. तिकडचा माणूस मोठा गोड बोलला. "परत कशाला मागवताय? पेटी तर आम्ही आज सकाळी पुढे धाडली पण. नाही, उघडली नाही. वाघमारेबाईंची सही असली की आम्ही उघडतच नाही. तुमच्या मालाचं तेवढं नाव आहे इथे."

शेठचा चेहरा फुलला. खोटं कशाला सांगू, माझीही छाती फुगली. भाईंदरच्या एका पत्र्याच्या गाळ्यातल्या बाईची सही बघून लोक पेटी उघडत नाहीत, ही काय लहान गोष्ट झाली? मी बाईंकडे बघितलं तर त्यांचा चेहरा उतरला होता.

"आणि तुमच्या पुढचे?" बाईंनी फोनकडे वाकून विचारलं.

"ते आमचा शिक्का बघतात."

"त्यांच्या पुढचे?"

"ते मॅडम, मला नाही माहीत. ते पण कागद बघत असतील."

बाई खुर्चीत बसल्या. शेठच्या केबिनमध्ये बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाल्या, "मला वाटायचं माझ्यावर चार माणसं आहेत. माझ्यावर कोणीच नाही."

पेटी परत यायला दोन दिवस लागले. पुन्हा मोजणी झाली. चाळीसपैकी अकरा रिंगा मर्यादेबाहेर निघाल्या. मामांनी पूर्ण लॉट नव्याने काढला. अंगठ्याचं त्यांना कळलंच, कारण फडकं खिडकीत वाळत होतं. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, माझ्यामुळं झालं."

"नाही मामा. तुम्ही तुमचं केलं, ते चुकलं नाही. पुसायचं काम माझं होतं. पुसताना माझा हात आखडला. इतक्या वर्षांत कुणी माझ्या टेबलाला बोट लावलं नव्हतं. तुम्ही इतक्या मायेनं लावलेलं, ते खसाखसा कसं पुसायचं, असं झालं मला."

मामांनी त्या दुपारी डबा उघडला नाही. एवढं सगळं होऊनही ती दोन माणसं एकमेकांपासून तुटली नाहीत, हे मला आजही विशेष वाटतं.

त्यानंतर एका सोमवारी मी खोलीत गेलो तर कपाटाचं दार कोरं होतं. बाईंनी पट्टीने अलगद एकेक कात्रण सोडवून काढलं होतं, डिंकाचे डागसुद्धा स्पिरिटने पुसून टाकले होते.

"बाई, हे काय?"

"माणूस जायचा नाही, सावंत. यंत्रं जातील. जाऊ देत. माणूस जाऊन तिकडं राहील, हे आता मला वाटत नाही."

मी समजावायचा प्रयत्न केला. त्यांचाच मीरा-भाईंदरचा सिद्धांत त्यांना ऐकवला. त्या म्हणाल्या, "इथं आलो तेव्हा गाडी होती. चुकलं तर पुढच्या स्टेशनला उतरून मागे येता येतं. तिथं कुठं उतरणार? पन्नास वर्षांपूर्वी चंद्रावर जाऊन आले, परत पाऊल ठेवलं का कुणी? मला वाटायचं पैसा नाही म्हणून जात नाहीत. तसं नाही. एका माणसाला तिकडं जिवंत ठेवायला हजारो तुकडे लागतात, आणि प्रत्येक तुकड्यामागं कुठं ना कुठं एक सुमन वाघमारे बसलेली आहे. तिचा एखादे दिवशी हात आखडतो. आणि तिच्यावरचा माणूस चांगल्या मनानं म्हणतो, बाईंची सही आहे, राहू दे. वाईट माणसं असती तर पकडता आली असती. ही सगळी चांगली माणसं आहेत."

 

मला वाटलं, विश्वास उडाला की बाई कामात ढिल्या पडतील. आमच्याकडे तसंच होतं. देवावरचा उडाला की माणूस दिवा लावायचा सोडतो. बाईंचं उलट झालं. ज्या यानात माणूस बसेल असं त्यांना वाटतच नव्हतं, त्याच्या रिंगा त्या पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ घेऊन मोजायला लागल्या. पुढे आपला एक माणूस पुन्हा अवकाशात गेला, तेव्हा आम्ही सगळे मामांच्या लेथजवळ मोबाइलभोवती गोळा झालो होतो. यादवही आला होता. मी बाईंना बोलवायला गेलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही बघा. नीट पोचला की सांगा." यान उडालं, बाहेर टाळ्या झाल्या. आत बाईंच्या हातातली रिंग काट्याखाली तशीच होती, पण त्यांनी तो आकडा लिहिला नाही. पुन्हा मोजली. तेवढाच काय तो फरक.

आणि त्यांनी एक गोष्ट केली. माझ्याकडून अहवालाचा नमुना बदलून घेतला. खाली दोन सह्यांच्या जागा. तपासणारा, आणि तपासणाऱ्याला तपासणारा. शेठ वैतागले. "बेन, एक कामाला दोन माणसं? दुनियात कोण करते?"

"कुणी करत नाही, म्हणूनच करायचं," बाई म्हणाल्या. शेवटी पॅकिंगमधल्या अनिता पाटीलला त्यांनी मागून घेतलं. अनिता मुर्ध्याची, चाळिशीची, दोन मुलांची आई. तिचे वडील मिठागरावर होते. मीठ कोणत्या दिवशी ओढायचं हे ते पायाला पाणी लागताच सांगायचे, असं ती सांगे. बाईंनी तिला दीड वर्ष शिकवलं. नियम एकच: बाईंचे आकडे बघायचे नाहीत, आपले आपण लिहायचे.

अनिताचे आकडे बाईंच्या आकड्यांशी नेहमी जुळत. आम्ही खूश. बाई दिवसेंदिवस गप्प. एके दिवशी त्यांनी मुद्दाम एक नापास रिंग पास झालेल्यांत मिसळली, आपल्या कागदावर तिला पास लिहिलं, सही केली आणि कागद अनिताला दिसेल असा ठेवला. अनिताने सगळ्या मोजल्या आणि खाली सही केली.

बाईंनी ती रिंग तिच्यासमोर ठेवली. "ही मोजलीस?"

"मोजली बाय."

"किती आली?"

अनिता खाली बघत म्हणाली, "दोन जास्ती आली. पण तुमी सही केल्ती. मंग मी कशी न्हाय बोलू? मना वाटला माजाच हात चुकला."

बाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. मला त्यांनी नंतर एवढंच सांगितलं, "बघा सावंत. हिचाही हात आखडतोय. माझ्यामुळंच आखडतोय." निवृत्तीला तेव्हा सात महिने राहिले होते. बाईंना दुसरं काही नको होतं. आपण जाण्याआधी या बाईने एकदा तरी आपल्याला नाही म्हणावं, एवढंच हवं होतं, आणि ते शिकवून येण्यासारखं नव्हतं. मायेच्या माणसाला नाही म्हणायला आपल्यापैकी कुणाला शिकवलंय?

बाईंचा शेवटचा दिवस उजाडला. नेमकं त्याच आठवड्यात तेच काम पुन्हा आलं होतं, माणसाच्या यानाच्या चाळीस रिंगा. बाईंनी सकाळी मोजून सही केली आणि मास्टर अनिताच्या स्वाधीन केला. निरोप समारंभ चारला. शेठनी शाल आणि नारळ आणला, समोसे आणले, निवृत्त होऊन गेलेले मामा पांढरा सदरा घालून राजापूरहून आले होते. मी भाषण लिहिलं होतं आणि ते चांगलं जमलं होतं, हेही इथे सांगून टाकतो.

चार वाजले, सव्वाचार झाले. खोलीचं दार बंद. मी, शेठ आणि मामा दाराशी गेलो. शेठच्या हातात शाल होती. काचेतून बघितलं तर अनिता एकच रिंग पुन्हा पुन्हा काट्याखाली सरकवत होती. फडक्याने मास्टर पुसत होती, शून्य जुळवत होती, परत मोजत होती. बाई खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या. मी हळूच दार ढकललं.

अनिता थांबली. तिच्या कपाळावर त्या थंड खोलीतही घाम होता. ती बाईंच्या पाठीकडे बघून म्हणाली, "बाय, यो नग न्हाय चालायचा."

बाई वळल्या. "मी पास केलाय तो."

"हाय मना म्हायती. तुमची सही हाय. पन यो एक मायक्रॉन जास्ती हाय. तीनदा बघितला. शून्य पन बघितला."

 बाई टेबलाशी आल्या, चष्मा पुसला, रिंग काट्याखाली घातली. मग दुसऱ्यांदा घातली. या वेळी ती मुद्दाम मिसळलेली नव्हती. सकाळी त्या खरंच चुकल्या होत्या. त्यांनी माझ्या खिशातलं लाल पेन घेतलं, अहवाल पुढे ओढला आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. इतक्या वर्षांत त्यांची खोडलेली सही मी बघितली ती तेवढीच. पुरस्कार घेणारी माणसं मी टीव्हीवर पुष्कळ बघितली आहेत. त्यांतल्या कुणाचा चेहरा मला त्या क्षणीच्या बाईंसारखा दिसला नाही. मला त्या घटकेला त्यांचा जितका अभिमान वाटला, तितका त्या फोनच्या दिवशी वाटला नव्हता.

"बाई," मी विचारलंच, "आता वाटतं का, माणूस जाईल?"

"नाही वाटत," बाई म्हणाल्या. "पण गेलाच कुणी, तर परत यायला हवा ना तो." मग अनिताकडे वळून म्हणाल्या, "एक चुकला म्हणजे आणखीही चुकले असतील. सगळे परत मोज. पहिल्यापासून. माझ्या कागदाकडे बघू नको."

अनिताने पहिली रिंग उचलली. बाई तिच्या मागे उभ्या राहिल्या, हात पाठीशी बांधून, एकाही रिंगेला न शिवता.

"बेन," शेठ शाल सावरत दारातून म्हणाले, "समोसे ठंडे होतायत. हे उद्या..."

"थांबा शेठ," बाई मागे न बघता म्हणाल्या. "अजून एकोणचाळीस राहिल्यात."

आम्ही थांबलो.